अमेरिकेतील जुनी शेतघरे आणि कोठारे यांची छायाचित्रे कुठे मिळतील व ती कशी पाहावीत?

अमेरिकेच्या ग्रामीण भागातील जुन्या शेतघरांची छायाचित्रे कुठे मिळतील आणि त्यांतून बांधणी कशी ओळखावी, असे आपण विचारले आहे. वास्तुरचना शिकत असताना मी या छायाचित्रांत बराच वेळ घालवला, त्या अनुभवावरून लिहितो.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील दोन संग्रह संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. पहिला संग्रह फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनचा, म्हणजे मंदीच्या काळात गरीब शेतकऱ्यांना मदत करणाऱ्या सरकारी खात्याचा. वॉकर इव्हान्स, आर्थर रॉथस्टीन या छायाचित्रकारांची १९३० च्या दशकातील चित्रे त्यात असून ती देखणी आहेत. पण त्यांचा रोख शेतकऱ्याच्या हलाखीवर असल्याने इमारत बहुधा मागे राहते. (खात्याच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना चक्क भोक पाडत, त्यामुळे काही चित्रांत मधोमध काळा गोल दिसतो.)

आपल्या कामाचा संग्रह दुसरा, हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे, म्हणजे ऐतिहासिक इमारतींची सरकारी पाहणी. मंदीत बेकार झालेल्या वास्तुविशारदांना काम मिळावे म्हणून नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्यातील चार्ल्स पीटरसन यांच्या प्रस्तावावरून १९३३ मध्ये तो सुरू झाला. ही छायाचित्रे रुक्ष वाटतात, पण मोठ्या निगेटिव्हमुळे दगडांमधले दरजसुद्धा मोजता येतात, आणि भात्याच्या कॅमेऱ्याचे भिंग वर सरकवता येत असल्याने भिंतींच्या उभ्या कडा झुकत नाहीत. अनेक इमारतींची मोजमापांसह रेखाचित्रेही सोबत आहेत.

एकाच बाजूच्या छायाचित्रावर मात्र विसंबू नये. पेनसिल्व्हेनियातील एका कोठाराच्या दोन चित्रांना दोन वेगळ्या इमारती समजून मी दोन नोंदी केल्या होत्या. एकात ते बैठे दिसत होते, तर दुसऱ्यात दुमजली. तिथली जुनी कोठारे उतारात बांधलेली असतात. चढाच्या बाजूने गाडी थेट वरच्या मजल्यावर जाते, जिथे गवत साठवत आणि मळणीचे खळेही असते. खालचा गोठा उताराच्या बाजूला उघडतो आणि वरचा मजला त्याच्या दारांवर सज्जासारखा पुढे येतो. ही बाजू बहुधा दक्षिणेला किंवा आग्नेयेला असते, म्हणजे हिवाळ्यात जनावरांच्या अंगणात ऊन येते. कडेच्या दगडी भिंतींतील अरुंद उभ्या फटींना मी प्रथम जंग्या, म्हणजे किल्ल्याच्या तटातील बंदुकीची भोके, समजलो होतो. वास्तविक त्या हवेसाठी असतात, कारण ओलसर गवत कोंडून राहिले तर आतल्या आत तापून पेट घेते.

संकेतस्थळावर शोधताना राज्याच्या नावाबरोबर काउंटीचेही (जिल्ह्याचेही) नाव द्यावे आणि रेखाचित्रांत उभा छेद (इमारत उभी कापल्यास आतले मजले कसे दिसतील ते दाखवणारे चित्र) असल्यास तो आधी उघडावा.