ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय, घरी बदलता येईल का?

टू-व्हील ड्राइव्ह असेल तर येईल. फोर-व्हीलच्या पुढच्या हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) गिअर आणि ऑइल असतं, तिथे घरी हात न घातलेला बरा.

मागच्या चाकांना ओट (दगड किंवा लाकडाचा अडसर) लावा, कडक जमिनीवर जॅक लावून एक्सलखाली भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकवर काम नको. टोपी, कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली), नट, वॉशर काढलं की हब बाहेर येतं.

आता खरी गोष्ट: आधी स्टब एक्सल, म्हणजे हब ज्यावर फिरतं तो दांडा, पुसून बघा. बेअरिंग बसतं तिथे चर पडले असतील किंवा निळसर झालं असेल, तर नवं बेअरिंगही टिकणार नाही. हबमधला कप (बेअरिंगची बाहेरची रिंग) जुनाच ठेवून आतलं तेवढं नवं घालू नका, जोडीच बदला. ऑइल सील तर नवंच हवं, कारण चिखलपाणी तिथूनच शिरतं. ग्रीस रोलरच्या मधे दाबून भरा, वरवर चोपडून उपयोग नाही.

हब फिरवत नट आवळा, जड लागलं की पिनचं भोक जुळेल इतका सैल करा. चाक मोकळं फिरावं, पण वर-खाली हलवल्यावर खेळ जाणवू नये. पिन नवी. थोडं चालवून हबला हात लावा. चटका बसला तर नट जास्त आवळलाय.