शिट्टी

प्रिय मुली,

हॉकीची स्टिक विकायला काढलीस, असं तुझ्या आईनं सांगितलं. रागावलो नाही, पण रात्री झोप लागली नाही. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच महिने झालेत गं. म्हणून तुला आज फ्रँक मॅगीबद्दल लिहितोय.

कॅनडातल्या ओटावाचा हा मुलगा. जन्म 1882 चा, उंची जेमतेम साडेपाच फूट. 1900 साली आइस हॉकीच्या सामन्यात पक, म्हणजे ती रबराची चकती, डाव्या डोळ्यावर बसली आणि तो डोळा गेला. वय सतरा. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज नीट लागत नाही. एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून बघ, मग कळेल.

खेळणं थांबलं, तर हा रेफरी झाला! सगळे त्याचे गोल मोजतात. मला मात्र हाच भाग मोठा वाटतो. रिंगण सोडलं नाही त्यानं. दुसऱ्यांचा खेळ इतक्या जवळून पाहत राहिला, आणि माझी खात्री आहे की त्यातूनच एका डोळ्यानं खेळ वाचायला शिकला. 1903 मध्ये ओटावाकडून परत उतरला. त्याच वर्षी स्टॅन्ली कप, म्हणजे आइस हॉकीतला मानाचा चषक, आला, तो 1906 पर्यंत ओटावाकडेच राहिला.

1905 च्या जानेवारीत कॅनडाच्याच वायव्य टोकाला, दूर युकॉनमधल्या डॉसन सिटीचा संघ आव्हान द्यायला आला. कुत्र्यांच्या गाड्या, पायपीट, बोट, रेल्वे, असा तीन आठवड्यांहून जास्त प्रवास करून. पहिल्या सामन्यात मॅगीचा एकच गोल. दुसऱ्यात ओटावा 23, डॉसन 2, आणि त्या तेविसांतले चौदा एकट्या मॅगीचे! त्यातले आठ तर नऊ मिनिटांच्या आत, लागोपाठ. स्टॅन्ली कपच्या सामन्यात तितके गोल आजवर कुणीच केलेले नाहीत.

पुढे तो दुखावलेल्या मनगटानंही खेळला. ते मात्र त्याच्याकडून घेऊ नकोस. तेविसाव्या वर्षी खेळ सोडून सरकारी नोकरीत रमला, मग एका डोळ्यानिशी सैन्यात गेला आणि 1916 च्या सप्टेंबरात पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत पडला. देहसुद्धा सापडला नाही. हे लिहिताना आजही हात थांबतो.

रविवारी सात वाजता चौदा वर्षांखालच्यांचे सामने आहेत. अर्ध्याच मैदानावर, फार पळावं लागणार नाही. फिजिओला विचारून ये. शिट्टी माझ्याकडे आहे.

तुझा,
सर