आईला आधी एकटीला भेटा

प्रश्न : आई ७६ वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून ती दादा-वहिनीजवळ राहते. तिची फॅमिली पेन्शन दादाच काढतो, एटीएम कार्डही त्याच्याकडेच असतं. गेल्या वर्षी तिनं राहतं घर त्याला बक्षीसपत्र करून दिलं. हल्ली माझा फोन कायम स्पीकरवर असतो. परवा भेटायला गेले तर तिच्या दंडावर काळेनिळे डाग होते. विचारलं तर दादाकडे बघून म्हणाली, 'पडले गं.' मी काही बोलले तर माहेर तुटेल. काय करू?
– एक लेक

उत्तर : तुझ्या पत्रातली मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट म्हणजे आईचं ते दादाकडे बघणं. डागांचं खात्रीनं सांगता येत नाही. या वयात कातडी नाजूक होते, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर नुसत्या धक्क्यानंही डाग उठतात. पण स्वतःच्या घरात उत्तर देण्याआधी परवानगी लागावी, हे वय झाल्याचं लक्षण नाही. त्यात पैसा हातात नाही आणि एकांतात बोलायची सोय नाही. तुझी शंका रास्त आहे.

दादाशी आत्ताच भांडू नकोस. तू रात्री आपल्या घरी परतशील, आई तिथेच राहणार आहे. डोळे तपासायच्या निमित्तानं तिला दोन दिवस घेऊन ये. डॉक्टरांना डाग दाखव, केसपेपरवर नोंद करून घे.

मग तिला विचार. पण त्याआधी तुझ्याकडे एका प्रश्नाचं उत्तर हवं : तिनं खरं सांगितलं, तर ती झोपणार कुठे? बहुतेक आया गप्प बसतात त्या या भीतीनं. 'लेकीकडे कसं राहायचं' हा संकोच तिच्या पिढीत खोल आहे. नवऱ्याशी आधी बोलून घे, म्हणजे 'आई, ही खोली तुझी' असं तुला ठामपणे म्हणता येईल. आणि हो, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईवडिलांची जबाबदारी मुलाइतकीच मुलीचीही आहे.

पेन्शनचं काम लगेच होण्यासारखं आहे. आईला घेऊन बँकेत जा. जुनं कार्ड बंद करून घ्या आणि खात्याला कोणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते बघा. तो दादाचा असेल तर नवं कार्ड घेऊनही ओटीपी त्याच्याकडेच जाईल.

बक्षीसपत्राची प्रत काढ. 'सांभाळ करीन' अशी अट त्यात असेल आणि ती पाळली जात नसेल, तर त्याच कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. अशी अट नसेल आणि फसवून किंवा दबाव टाकून सही घेतली असेल, तर मात्र दिवाणी न्यायालयात दाद मागावी लागते. कलम २३ चा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. आईला स्वतःला जमत नसेल तर तिच्या वतीनं कोण अर्ज करू शकतं, ते तिथेच विचार. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

वहिनी थकली असेल, तेही समजून घे. म्हाताऱ्या माणसाचं करणं सोपं नसतं. तिला मदत हवी असेल तर दे. पण थकव्यानं हात उगारायला मुभा मिळत नाही.

अर्ज करायचा की नाही, हे आईनं ठरवायचं. ती 'नको' म्हणाली तर रागावू नकोस, जाणं-येणं वाढव, पुन्हा विचार. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे, तिथे तूसुद्धा बोलू शकतेस. मात्र मारहाण होतेय किंवा जेवण-औषध तोडलंय असं कळलं, तर त्याच क्षणी ११२ लाव. तेव्हा माहेर तुटेल का याचा विचार करत बसू नकोस.