अमरावतीहून ऐरोलीत घर बघायचं कसं?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही अमरावतीचे. माझ्या मिस्टरांना नवी मुंबईत ऐरोलीला नोकरी मिळाली आहे, १ जूनला रुजू व्हायचं आहे. घरात आम्ही दोघं, सहावीत जाणारा मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात. किरायाचं टू बीएचके पाहिजे. फोनवर सहा-सात एजंटांशी बोलले. जो तो म्हणतो, "रविवारी या, दाखवतो." रात्रभराचा प्रवास करून दर रविवारी कसं येणार? एकाने व्हिडिओ पाठवला. घर छान दिसतं, पण तो म्हणतो, आजच १५ हजार टोकन टाका, नाहीतर संध्याकाळपर्यंत जाईल. व्हिडिओवर घर पक्कं करावं का? एकदाच यायचं तर किती दिवसांसाठी यावं?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : ताई, आधी टोकनचं सांगते, कारण तो माणूस तुम्हाला आज पुन्हा फोन करेल. पैसे टाकू नका. घर खरंच चांगलं असलं आणि हातचं गेलं तरी चालेल. ऐरोलीत एप्रिल-मे महिन्यांत भाड्याची घरं भरपूर रिकामी होतात. न बघितलेल्या घरासाठी, न भेटलेल्या माणसाला पैसे द्यायचे नाहीत. "मी लष्करात आहे, पोस्टिंगवर आहे, घर बघायला गेटपासचे पैसे आधी भरा" असं कुणी म्हणालं तर फोन तिथेच ठेवा. त्या पद्धतीने पुष्कळ लोक फसले आहेत.

व्हिडिओचा उपयोग घर निवडायला नाही, घर गाळायला करायचा. पाठवलेला व्हिडिओ बघत बसू नका. एजंटला म्हणा, व्हिडिओ कॉल लावा आणि इमारतीच्या गेटपासून चालत या. गेट, जिना, लिफ्ट, दार, मग घर. आत आल्यावर स्वयंपाकघरातला नळ सोडायला सांगा, संडासाचा फ्लश ओढायला सांगा, लॉफ्टवर आणि भिंतीतल्या कपाटांच्या आत कॅमेरा फिरवायला सांगा. शेवटी त्याला बेडरूमच्या खिडकीशी एक मिनिट काही न बोलता उभं राहायला सांगा. त्या मिनिटात रस्ता, रेल्वे, शेजारची शाळा, सगळं ऐकू येतं. एवढं करायला जो कंटाळतो, त्याच्या घरासाठी रात्रभर गाडीत बसून येऊ नका.

आवाजाची ही गोष्ट मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. २००८ साली आम्ही सांगलीहून नवी मुंबईत आलो, तेव्हा एका रविवारी सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा एवढ्या वेळात नऊ घरं बघितली. पाचव्यानंतर कुठल्या घराला कुठली बाल्कनी तेच आठवेना. रात्रीची गाडी पकडायची होती म्हणून सातव्या घराला हो म्हटलं. पहिला मजला, उजेड छान, समोर गुलमोहर. राहायला आल्यावर पहिल्याच पहाटे पावणेपाचला पलंगाखालून घरघर सुरू झाली. आमच्या बेडरूमच्या बरोबर खाली सोसायटीच्या पाण्याचा पंप होता. म्युनिसिपालटीचं पाणी आलं की वॉचमन तो लावायचा, साडेसहापर्यंत चालायचा. धाकटी तेव्हा आठ महिन्यांची होती, ती रोज पावणेपाचला उठायची. अकरा महिने आम्ही तिथे काढले. दुपारी घर बघताना पंप कुठे आहे हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही, आणि आम्हाला कुणी सांगितलंही नाही. म्हणून कुणी घराबद्दल विचारलं की मी आधी पंपाचं सांगते.

आता तुमचा दौरा. अडीच ते तीन दिवस काढा, आणि तेही शुक्रवार ते रविवार. मे महिन्यात विदर्भाच्या गाड्यांना जागा मिळत नाही आणि रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख आजच धरा. गुरुवारी संध्याकाळच्या अमरावती एक्सप्रेसने निघालात की शुक्रवारी भल्या सकाळी ठाण्याला उतराल. मुंबईपर्यंत जाऊ नका.

शुक्रवारी एकही घर बघायचं नाही. एजंट आग्रह करतील, ऐकू नका. ठाणे स्टेशनवर नऊ-दहा नंबरच्या बाजूला ट्रान्स हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकल गाड्या लागतात. ऑफिसच्या वेळेला तिथून मिस्टरांबरोबर ऐरोलीला जा. मध्ये दिघा गाव एवढं एकच स्टेशन आहे. ऐरोलीला उतरल्यावर पूर्वेला आयटी पार्क, पश्चिमेला राहण्याचे सेक्टर. स्टेशन ते सेक्टर ही वाट पायी चालून बघा, कारण "स्टेशनपासून पाच मिनिटं" हे रिक्षाने की पायी, ते एजंट सांगत नाही. दुपारी शाळा. इथे एक गोष्ट विदर्भातल्या माणसाच्या लक्षात येत नाही: तुमच्याकडे राज्य मंडळाच्या शाळा जूनअखेरीला उघडतात, इकडे जूनच्या मध्यावर. म्हणजे तुमच्या हातात वाटतात त्यापेक्षा पंधरा दिवस कमी आहेत. शाळेत जागा कुठे मिळते ते आधी कळलं तर घर कुठल्या सेक्टरात घ्यायचं हे आपोआप ठरतं.

शनिवारी चार घरं, फार तर पाच. आदल्या रात्री प्रत्येक एजंटला विचारा, चावी तुमच्याकडे आहे का, की आत अजून कुणी राहतंय? राहत असतील तर त्यांची वेळ घेतली आहे का? बहुतेक दौरे इथेच फसतात. माणूस साडेसहाशे किलोमीटरवरून येतो आणि कुलूप बघून परततो. घरात पाऊल टाकण्याआधी वॉचमनशी दोन मिनिटं बोला. पाणी किती वाजता येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, लिफ्ट बंद पडली तर किती दिवस बंद राहते. आणि पंप. तुम्ही मेमध्ये येताय हे पाण्याच्या दृष्टीने चांगलं आहे, टंचाई असेल तर डोळ्यांनी दिसेल. कुणी ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरचं मोठ्या टॉवरमधलं घर स्वस्तात दाखवलं तर तिथे टँकरचं जरूर विचारा. शिवाय तिथून ऐरोलीचा रोजचा रस्ता वाहतुकीचा आहे, मी तरी सुचवणार नाही.

मेमध्ये ओल मात्र दिसत नाही. ती शोधावी लागते. वरच्या मजल्याचं घर असेल तर छतावर नवीन रंगाचा एखादाच चौकोन आहे का बघा. बाहेरच्या बाजूच्या भिंतीला तळहात लावा. रंगाखाली पोपडे असले तर हाताला भुसभुशीत लागतं. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर सोसायटीने गळतीवर काहीतरी केलं आहे.

रविवारी नवं घर नको. आवडलेली दोन घरं पुन्हा बघा, त्यातलं एक शक्य असेल तर शनिवारी रात्री आठनंतरच बघून ठेवा. घणसोली-कोपरखैरण्याच्या बाजूला एमआयडीसी जवळ आहे, तिथे रात्री रासायनिक वास येतो अशी रहिवाशांची जुनी तक्रार आहे. दुपारी ते कळत नाही. रविवारी मालक घरी भेटतात, तो फायदा. पण रविवारी रेल्वेच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉकही असतो आणि ट्रान्स हार्बरच्या गाड्या कधी कधी दुपारभर बंद राहतात, म्हणून कामं सकाळी उरका.

गावठाणातल्या इमारतींबद्दल स्पष्ट सांगते. ऐरोली, रबाळे, घणसोलीत गावाच्या जमिनीवर भूमिपुत्रांनी गरजेपोटी बांधलेली घरं आहेत. भाडं कमी, माणसं मायाळू, मी स्वतः दोन वर्षं राहिले आहे. पण पुष्कळ ठिकाणी लिफ्ट नाही आणि जिने उभे, अरुंद आहेत. सासूबाईंसाठी ते नको.

घर ठरलं की मालकाचं वीजबिल आणि इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) बघा, नाव जुळलं पाहिजे. मग टोकन, तेही मालकाच्या खात्यात. करार लिव्ह अँड लायसन्सचा, बहुधा ११ महिन्यांचा असतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या १० टक्के व्याजावर पाव टक्का. २५ हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट धरलं तर ते जेमतेम ७००-८०० रुपये होतं, वर नोंदणी फी १,०००. एजंट "खर्च" म्हणून भलता आकडा सांगेल, तेव्हा हा हिशेब हाताशी ठेवा. दलाली साधारण एक महिन्याचं भाडं. अंगठे घ्यायला माणूस मशीन घेऊन घरीच येतो, त्यासाठी वेगळी फेरी मारायला नको. पोलिसांकडे भाडेकरूची नोंद आणि सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र) मालकाकडून आधीच मागून घ्या. एनओसीवाचून सामानाचा ट्रक गेटवर अडवतात.

तीन दिवसांत मनासारखं मिळालं नाही तर मिस्टरांनी जूनभर पेइंग गेस्ट म्हणून राहावं आणि रोज संध्याकाळी एकेक घर बघावं. घाईत अकरा महिन्यांचं घर घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

सासूबाईंना या फेरीला आणू नका, पण त्यांच्या वॉकरची रुंदी मोजून कागदावर लिहून आणा आणि पर्समध्ये टेप ठेवा. सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) काळातल्या घरांत बाथरूमचं दार लहान असतं, आणि पुढे चार बोटं उंच उंबरा. हॉल कितीही मोठा दिसू दे, प्रत्येक घरात आधी ते दार मोजा. वॉकर आत जात नसेल तर बेडरूम बघायला थांबू नका, पुढच्या घरी निघा.