मांजराचा तो पाय खोडू नका!

प्रश्न: माझी भाची नऊ वर्षांची आहे, तिने आमची मांजर मागच्या पायाने कान खाजवताना काढलीय, पेन्सिलने, दोन मिनिटांत. मला तर बघताक्षणी आवडलं, पण त्या एका पायाच्या चार-पाच रेषा झाल्यात म्हणून घरातले म्हणतात खोडून नीट काढ. काय करू?

उत्तर: अहो, अजिबात खोडू देऊ नका! त्या चार-पाच रेषा म्हणजेच तर खाजवणं आहे, पाय एका जागी थांबतच नाही ना, पोरीने ते पाहिलं आणि तसंच कागदावर आणलं. हलत्या गोष्टीचं झटपट स्केच असंच करतात, आधी हालचाल पकडायची, बाकी नखं-मिशा नंतर, नाही काढल्या तरी चालतं. डच चित्रकार रेम्ब्रांटचं 1630च्या दशकातलं एक लाल खडूचं चित्र आहे, दोन बायका एका लहान मुलाला चालायला शिकवतायत, मोजक्याच रेषा, पण मूल आता पडेल की काय असं वाटतं बघताना. मांजरीने मान कशी वाकवलीय, डोळे मिटलेत का, हे तुमच्या भाचीला विचारा, नुसतं 'छान' म्हणण्यापेक्षा मुलांना असं विचारलेलं फार आवडतं. चित्राच्या मागे तारीख टाकून ते फाइलमध्ये ठेवा, वर एक कोरा कागद ठेवा म्हणजे पेन्सिल पुसली जाणार नाही. आणि तिला मांजर परत काढू दे, झोपलेली, उडी मारताना, कशीही!