टेक्सासच्या शिक्षण मंडळाला उभं राहताना

शाळेची बस उशिरा येते, गणिताचे शिक्षक बदलतात, अशा तक्रारींसाठी राज्य मंडळाची निवडणूक लढवू नकोस. तो प्रांत स्थानिक स्कूल बोर्डाचा. टेक्सासचं स्टेट बोर्ड ऑफ एज्युकेशन अभ्यासक्रमाची मानकं ठरवतं, पाठ्यसाहित्य मंजूर करतं आणि नव्या चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) अडवू शकतं. १८५४ साली सुरू झालेल्या पर्मनंट स्कूल फंडातून, म्हणजे शाळांसाठीच्या राज्याच्या कायमस्वरूपी निधीतून, शाळांना किती द्यायचं, हेही तिथेच ठरतं. ताळेबंद वाचायची तुझी सवय इथे उपयोगी पडेल, आणि पालक म्हणून पुस्तकांवर बोलशील ते वेगळंच.

मतदारसंघ फक्त १५, प्रत्येकात साधारण १९ लाख माणसं. म्हणजे अमेरिकन काँग्रेसच्या खासदाराच्या मतदारसंघाच्या दुपटीहून मोठा! दारोदार फिरून भागत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सगळे पाठ थोपटतील, पण त्यांतले नोंदणीकृत मतदार किती ते आधी बघ. बहुतेक ठिकाणी खरा निकाल मार्चच्या प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीतच लागतो.

पैशांचं मात्र काटेकोर ठेव. पहिली देणगी घेण्याआधी कॅम्पेन ट्रेझररची (प्रचाराच्या खजिनदाराची) नेमणूक टेक्सास एथिक्स कमिशनकडे, म्हणजे प्रचाराच्या पैशांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या आयोगाकडे दाखल कर. कॉर्पोरेशनने उमेदवाराला देणगी देणं तिथे बेकायदा आहे, त्यामुळे कंपनीच्या खात्यातून साधी पत्रकंसुद्धा छापू नकोस.

पगार नाही, फक्त खर्च मिळतो.

अर्ज भरण्याआधी ऑस्टिनला एका बैठकीत बसून ये. सामाजिक शास्त्रावर सुनावणी असेल तर डबा ने, रात्र होऊ शकते.