हिस्लॉपसाहेब १८६६ साली काय म्हणाले?

वाचकांचे प्रश्न, ग्रंथपालबाईंची उत्तरं

या वेळच्या टपालात संदर्भ कसे द्यायचे यावरच चार पत्रं निघाली. कूलरसमोर बसून प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उरकणारे आपल्या नागपुरात बरेच असावेत. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा देते, कारण त्यातली चूक मी स्वतः करून बसले आहे.

प्रश्न : मी गोंड समाजातल्या मौखिक गीतांवर पीएच.डी. करते आहे. एका प्रकरणात 'हिस्लॉप १८६६ मध्ये म्हणतात' असं लिहून खाली हिस्लॉप यांच्या पुस्तकाचा संदर्भ दिला. मजकूर मात्र रसेल आणि हिरालाल यांच्या, मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथातून घेतला होता. तिथे हिस्लॉप यांचं नाव आहेच. गाईड सरांनी समासात लाल पेनानं 'मूळ पाहिलं का?' एवढंच लिहून पान परत दिलं. मजकूर खरा आहे, तर मध्ये रसेलला कशाला आणायचं? आणि आणायचंच तर कसं? – एक संशोधक विद्यार्थिनी, मानेवाडा

उत्तर : तुम्ही मूळ पाहिलं नाही हे सरांना कुठून कळलं, ते आधी सांगते. तुमचं वाक्यच चुगली करतं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी गेले. टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळं बघून बोरीकडे परतताना, रात्रीच्या वेळी, फुगलेल्या नाल्यात बुडून. १८६६ साली ते काही म्हणण्याच्या स्थितीत नव्हते. त्यांच्या मागे राहिलेली हस्तलिखितं मध्य प्रांताचे तेव्हाचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी टिपा आणि प्रस्तावना जोडून १८६६ मध्ये छापली. हे कळायला पुस्तकात खोल शिरावंही लागत नाही. शीर्षकपानावरच 'दिवंगत रेव्हरंड हिस्लॉप यांनी हस्तलिखित रूपात मागे ठेवलेले' अशा अर्थाचे शब्द आहेत. ते एक पान ज्यानं उलटलं, त्याच्या हातून 'हिस्लॉप १८६६ मध्ये म्हणतात' असं लिहून होत नाही.

आता तुमच्या विषयातल्या, गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याच्या गीताचाच प्रवास बघा. परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकाच्या, तोंडून ते हिस्लॉप यांच्या कागदावर आलं. तिथून टेंपल यांच्या संपादनात गेलं. मग कॅप्टन फॉर्सिथ यांनी १८७१ च्या आपल्या पुस्तकात त्याला इंग्रजी पद्याचा साज चढवला. पुढे रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांपैकी तिसऱ्यात, गोंडांवरच्या प्रकरणात, ती कथा आली. आणि आता ती तुमच्याकडे आली. इतक्या हातांतून येताना कुणी काही गाळलं असेल, कुणी सोपं केलं असेल, कुणाला एखादी ओळ व्हिक्टोरियन शिष्टाचारात बसली नसेल. तुमचा विषयच मौखिक गीतांचा आहे. गाणं तोंडातोंडी बदलतं यावर तुम्ही एक अख्खं प्रकरण लिहिणार आणि छापील मजकूरही हातोहाती बदलतो हे मात्र तळटीपेत लपवणार, हे काही बरं दिसत नाही. रसेलचं नाव मध्ये आणायचं ते यासाठी. तुम्ही हिस्लॉप वाचला नाही, रसेलला दिसलेला हिस्लॉप वाचला.

(जाता जाता : रसेलही बुडूनच गेले. १९१५ च्या ३० डिसेंबरला 'पर्शिया' हे जहाज भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीनं बुडवलं, त्यावर ते होते. पुस्तकावर साल १९१६ आहे. नागपूरकडच्या लोकजीवनाच्या अभ्यासकाला ज्या दोन पुस्तकांवाचून चालत नाही, त्यांच्या हिस्लॉप आणि रसेल या कर्त्यांना पाण्यानं नेलं. प्रबंधात याचा काही उपयोग नाही, पण मला ते सांगितल्यावाचून राहवत नाही.)

आता माझी गोष्ट. एम.फिल.च्या प्रबंधिकेत मी रिचर्ड जेनकिन्स या रेसिडेंटाच्या, म्हणजे भोसल्यांच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या, १८२७ साली कलकत्त्याला छापलेल्या नागपूर राज्यावरच्या अहवालाचे अकरा संदर्भ दिले होते. सगळे एका मराठी इतिहासग्रंथाच्या तळटीपांमधून, पृष्ठ क्रमांकासकट उचललेले. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक वयस्कर परीक्षक होते. चहा पिता पिता अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "बाई, ते जेनकिन्सचं पुस्तक जाड आहे की बारीक?" मी म्हणाले, "जाड असेल, सर." त्यांनी कप बशीत ठेवला. "असेल?"

पुढची दहा मिनिटं काय झालं ते मला नीट आठवत नाही. पदवी मिळाली, पण अकराच्या अकरा तळटीपा दुरुस्त करून टंकलेखकाकडून पानं पुन्हा करून घ्यावी लागली. त्या काळी ते काम पानाच्या हिशेबानं पैसे मोजून व्हायचं. ते पुस्तक मी पुढे हातात घेतलं तेव्हा माझ्या अकरापैकी दोन पृष्ठ क्रमांक चुकीचे निघाले. चूक त्या मराठी ग्रंथाच्या छपाईतली होती. मी ती इमानेइतबारे उतरवून घेतली होती. दुसऱ्याच्या अंगणातला खड्डा उचलून आपल्या अंगणात आणला म्हणा ना!

अशा उतरवलेल्या चुकांवरूनच न वाचणारे पकडता येतात. २००३ मध्ये सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी एका गाजलेल्या शोधनिबंधाच्या संदर्भांमधल्या छापील चुका मोजल्या. तोच चुकीचा खंड, तेच चुकीचं पान, ओळीनं कित्येकांकडे. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की मूळ निबंध प्रत्यक्ष वाचून त्याचा हवाला देणारे साधारण पाचात एक असावेत. मला त्या आकड्याचं नवल वाटलं नाही. मी उरलेल्या चारांत होते.

आता 'कसं' याचं उत्तर. मजकुरात लिहा : हिस्लॉप (१८६६), रसेल व हिरालाल (१९१६) यांच्या तिसऱ्या खंडातून उद्धृत. पुढे पृष्ठ क्रमांक रसेलचा द्या. तुमच्यासमोर उघडं होतं ते रसेलचं पान. तळटीपेत हिस्लॉपचा म्हणून जो क्रमांक दिसतो, तो आपला म्हणून उचलू नका. संदर्भसूचीत काय घालायचं, हे तुमच्या विभागात संदर्भ लिहिण्याची कोणती शैली चालते त्यावर आहे. ए.पी.ए. आणि एम.एल.ए. या दोन्हींत सूचीत फक्त रसेल आणि हिरालाल येतात, हिस्लॉपचं नाव मजकुरातच राहतं. शिकागोवाले आधी असं करूच नका म्हणतात आणि नाइलाज असेल तर मूळ आणि मधला, दोन्ही नोंदवायला सांगतात. कुठलीही धरा, पण पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत तीच धरा. अर्धा प्रबंध ए.पी.ए. आणि अर्धा शिकागो, अशी खिचडी मी ग्रंथालयात बांधणीला आलेल्या प्रबंधांत पुष्कळ पाहिली आहे.

पण तुमच्या बाबतीत हा सगळा खटाटोप करायची वेळच येऊ नये असं मला वाटतं. 'मधून उद्धृत' ही सवलत मूळ नष्ट झालेलं असेल, कधी छापलंच गेलं नसेल, आपल्याला न येणाऱ्या भाषेत असेल, किंवा खरोखर प्रयत्न करूनही मिळत नसेल, तेव्हासाठी. हिस्लॉपच्या पुस्तकाचा स्वामित्वहक्क कधीच संपला आहे, स्कॅन केलेली प्रत इंटरनेट अर्काइव्हवर फुकट बघता येते. एक दुपार काढा. तुमचं वाक्य शोधा आणि त्याच्या मागची-पुढची दोन-दोन पानं वाचा. ते वाक्य मजकुरातलं आहे की टेंपल यांच्या टीपेतलं, तेही बघा. टीपेतलं निघालं तर ते हिस्लॉप यांचं मत नव्हेच. सापडलं की सरळ मूळ पुस्तकाचा संदर्भ द्या आणि संपादक म्हणून टेंपल यांचं नाव टाका. 'या उताऱ्याकडे रसेल व हिरालाल यांच्यामुळे लक्ष गेलं' अशी एक ओळ तळटीपेत घातली तर शोभून दिसते. सक्ती नाही.

गाईड सरांना माझा नमस्कार सांगा. समासात तीन शब्द लिहून थांबणारे गाईड हल्ली कमी झाले आहेत.

प्रश्न : माझ्या प्रबंधाचा साम्य अहवाल (दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतं ते सॉफ्टवेअरनं मोजलेलं) १४ टक्के आला. मी जिथून घेतलं तिथे सगळीकडे मूळ लेखकाचं नाव दिलं आहे. तरी ही वाङ्मयचोरी कशी? – एक प्राध्यापक, हिंगणा रोड

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे. १० च्या पुढे ४० पर्यंत पहिली पातळी, म्हणजे सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा. पण त्याच नियमांनुसार अवतरणचिन्हांत घालून श्रेय दिलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळायचं असतं. सर्वसामान्य शब्दप्रयोग सलग १४ शब्दांपर्यंत जुळले तरी ते धरायचे नसतात. तेव्हा अहवाल काढताना ही गाळणी लावली होती का, ते आधी ग्रंथालयात जाऊन विचारा. तुमचे १४ तिथेच ८ होतील कदाचित.

मात्र तुमच्या पत्रातल्या 'मूळ लेखकाचं नाव दिलं आहे' या शब्दांशी मी अडखळले. समजा, अ-नं पाच पुस्तकं वाचून, त्यांची मतं पारखून, एक परिच्छेद लिहिला आणि खाली पाच नावं दिली. तुम्ही तो परिच्छेद शब्द फिरवून घेतला, खाली तीच पाच नावं त्याच क्रमानं दिली, आणि अ-चा पत्ताच नाही. इथे सॉफ्टवेअर शून्य टक्के दाखवेल. पण पाच पुस्तकं वाचायचे कष्ट अ-चे होते, ते तुम्ही खिशात घातले. श्रेय मूळ लेखकांना देऊन मधल्याला उपाशी ठेवणं हीसुद्धा चोरीच, आणि मला विचाराल तर जास्त हुशारीची.

प्रश्न : मी एम.ए.ला आहे. मोबाइलवरच्या एआयनं मला आठ संदर्भ काढून दिले. त्यातले तीन कुठेच सापडेनात. वापरू की नको? – एक विद्यार्थी, महाल

उत्तर : काहून वापरता, बाप्पा? जे नाहीच ते कशाला लिहायचं!

पण नसलेल्या पुस्तकाचा हवाला देणं हे एआयनं सुरू केलेलं नाही. एका मोठ्या प्रकाशन संस्थेनं लेखकांना संदर्भ कसा लिहायचा ते कळावं म्हणून एक नमुना दिला होता : व्हॅन डर गीर, हान्राड्स आणि लप्टन, २०००, 'द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल'. लेखक खोटे, निबंध खोटा, नियतकालिकही खोटं. आपण फॉर्मवर 'अ.ब.क.' लिहून दाखवतो तसाच प्रकार. तरी हा संदर्भ शेकडो खऱ्या शोधनिबंधांच्या सूचीत जाऊन बसला आहे. नमुना पुसायचा राहिला असेल कुणाचा, कुणी दुसऱ्याच्या सूचीतून उचलला असेल. तुमचे उरलेले पाच सापडले, ते उघडूनही बघितले का? नसतील तर तेही आज तरी त्या तिघांच्याच रांगेत आहेत.

प्रश्न : वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या पुणे ताम्रपटाचा आधार मी महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या ग्रंथातून घेतला. मार्गदर्शक म्हणतात, 'हे दुय्यम साधन झालं, तसं नोंदवा.' म्हणजे 'मधून उद्धृत' लिहायचं का? – प्राचीन इतिहासाची एक विद्यार्थिनी, रामटेक

उत्तर : नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. इतिहासात 'दुय्यम साधन' म्हणजे घटनेनंतर कुणी अभ्यास करून लिहिलेलं. असं पुस्तक तुम्ही स्वतः उघडून वाचलं असेल तर त्याचा संदर्भ सरळ द्यायचा, त्यात कमीपणा काही नाही. 'मधून उद्धृत' येतं ते तुम्ही न पाहिलेली गोष्ट दुसऱ्याच्या पानावरून घेता तेव्हा.

मिराशींच्या ग्रंथात तर दोन्ही एकत्र आहे. 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकॅरम'चा पाचवा खंड, वाकाटकांचे कोरीव लेख, १९६३. त्यात ताम्रपटाचा संपादित पाठ आणि भाषांतर आहे, शिवाय मिराशींचं स्वतःचं विवेचनही आहे. ताम्रपटातली ओळ द्याल तेव्हा लेखाचं नाव, ओळीचा क्रमांक आणि 'संपादक मिराशी, १९६३' असं लिहा. वंशावळीबद्दल किंवा कालाबद्दल मिराशींचं मत द्याल तेव्हा 'मिराशींच्या मते' म्हणा. पुस्तक एकच, संदर्भ दोन प्रकारचे. मिराशींनी आणखी कुणाचं वाक्य दिलं असेल आणि ते तुम्ही तिथूनच घेतलं असेल, तर मात्र त्या एका ठिकाणी 'मधून उद्धृत' आलंच पाहिजे.

आणि 'पुणे ताम्रपट' या नावानं गोंधळून त्याला पुण्याचा करू नका. तो पुण्यात उजेडात आला म्हणून ते नाव पडलं. दिलेला आहे नंदिवर्धनाहून, म्हणजे तुमच्या रामटेकजवळच्या नगरधनहून.